अजून थोडं काम आहे

प्रिय ठेंगू,

पत्र बघून हसशील. दर रविवारी फोनवर बोलतो आपण, मग कागद खराब करायची ही हौस कशाला, असंही म्हणशील. पण फोनवर तू एकच विचारतेस, "किती राहिलं गं ताई?" आणि माझ्या तोंडून एकच निघतं, "आहे अजून थोडं." मग तू तुझ्या औषधांचं सांगतेस, मी फरश्यांचं सांगते, आणि फोन ठेवल्यावर मी घरभर येरझाऱ्या घालत राहते. म्हणून आज सकाळी उठल्या उठल्या परसदारी येऊन लिहायला बसलेय. बसलेय म्हणजे काय, टेकलेय. माझं बूड एका जागी टिकत नाही, हे तुला मी सांगायला नको.

तू गेलीस तेव्हा न्हाणीघराची एक भिंत तेवढी फोडायची होती. आतला लोखंडी पाइप कुजला होता. तुझा दमा आणि त्यात ती धूळ, म्हणून मीच तुझी बॅग भरली आणि तुला मावसबहिणीकडे पिटाळलं. पंधरा दिवसांचा प्रश्न होता. भिंत फोडल्यावर कळलं की तोच पाइप पुढे स्वयंपाकघरात गेलाय आणि तिथेही त्याचा भुगा झालाय. म्हणून मोरी उखडली. मोरीला लागून असलेलं कपाट हलवलं, तर मागून वाळवीनं ते पोखरून ठेवलेलं, नुसता रंग उभा होता. आईबाबांच्या वेळचं घर, एका ठिकाणी हात लावला की चार ठिकाणी ढासळतं. तिथपर्यंत सगळं अगदी खरं होतं. त्याच सुमारास तू फोनवर म्हणालीस, "घर एकदा पूर्ण होऊ दे, मग निवांत बोलायचंय तुझ्याशी." मी म्हटलं, आत्ताच बोल की. तर म्हणालीस, "नको, आधी धूळ खाली बसू दे." त्या दिवसापासून माझं कशात म्हणून लक्ष लागत नाही. काय बोलायचंय ते मला कळलं नाही, असं समजू नकोस.

आधी घराचं सांगते. न्हाणीघर आता ओळखायची नाहीस. ते कोपऱ्यात साचणारं पाणी गेलं. अंघोळ झाली की ते खराट्यानं ढकलावं लागायचं, आणि तुझी पाळी असली की तू हमखास विसरायचीस. आता उतार बरोबर काढलाय, पाणी आपलं आपण चालायला लागतं. ज्या उंबऱ्यावर तुझा अंगठा सारखा ठेचायचा तो काढून टाकला. भिंतीला आधी पांढऱ्या टाइल्स लावल्या होत्या. सगळी भिंत लावून झाली, मी दारात उभी राहून बघितलं आणि मला वाटलं, दवाखान्यात आले की काय. सगळ्या उतरवायला लावल्या. गवंड्यानं थापी खाली ठेवली आणि कपाळाला हात लावला. "ताई, तुम्हीच निवडल्या होत्या ना?" मी म्हटलं, धाकटीला नाही आवडणार. मग फिक्या हिरव्या लावल्या. त्या लावून झाल्यावर मला आठवलं की तुला पांढऱ्याच आवडतात. त्याला ते सांगायची माझी हिंमत झाली नाही.

गवंडी माणूस तसा चांगला आहे, पण अर्धं लक्ष रेडिओकडे. गाणं लागलं की थापी हवेतच थांबते. न्हाणीघराच्या दिव्याच्या बटणाची खोबण त्यानं नेमकी दारामागे काढून ठेवली. आता दिवा लावायचा तर आधी आत जायचं, दार लावायचं, मग अंधारात चाचपडायचं. मी बोलले तर म्हणतो, सवय होईल. मला नवीन कशाची सवय लवकर होत नाही हे त्याला कुठलं माहीत!

मध्ये तू गरम कपडे न्यायला आली होतीस, आणि सोबत ते पोस्टमास्तर. "मावसताईच्या शेजारचे आहेत, इकडे काम होतं म्हणून सोबत आले," असं तू सांगितलंस. मी हो म्हटलं. निवृत्त पोस्टमास्तरांचं आपल्या गावात काय काम, हे मी कशाला विचारतेय! बसायला जागा नव्हती, तिघंही कप हातात घेऊन मोडक्या स्वयंपाकघरात उभे होतो. तुला बिस्किटांचा डबा हवा होता, वरच्या फळीवरचा. तू नुसती मान वर केलीस. मी माझा कप कुठे ठेवू म्हणून इकडेतिकडे बघेपर्यंत ते बूट काढून सिमेंटच्या पोत्यावर चढले आणि डबा काढून त्यांनी तुझ्या हातात दिला. पोतं फुटलं, त्यांचे मोजे राखाडी झाले, आपण तिघंही हसलो. तू जरा जास्तच हसलीस. मीही हसले, पण माझा कप तसाच हातात राहिला होता. लहानपणापासून वरचं काही काढायचं झालं की तू मान वर करायचीस आणि मी हात वर करायचे. बाबा आपल्याला शिडी आणि ठेंगू म्हणायचे ते काय उगाच? आपल्या दोघींच्या लग्नाचं काही जमलं नाही, आईचं आजारपण झालं, आई गेली, आणि या सगळ्यात माझं ते काम कधी कुणी घेतलं नव्हतं. आता ते डोळ्यांदेखत कुणीतरी घेतलं, आणि मला धड रागही येईना, कारण तो माणूस मोजे झटकत माझी माफी मागत होता.

थांब, नळ बघून येते.

बंदच होता. मला उगाच थेंब पडल्यासारखं वाटत राहतं. नवा नळ आहे, गळत नाही, तरी मी दिवसातून कितीदा तरी जाऊन तो आवळून येते. नळवाला म्हणाला, इतका आवळाल तर आटे जातील.

तर, तुम्ही दोघं गेलात आणि मी ओटा फोडायला काढला. तो काही मोडका नव्हता. पण तो आईच्या उंचीचा. त्यावर वाकून वाकून माझी कंबर धरायची आणि तुला पाटावर उभं राहावं लागायचं. दोघींनाही कधी धड झाला नाही, आणि दोघीही कधी बोललो नाही. गवंड्यानं विचारलं, ओटा कुणाच्या कोपराला धरू? मी म्हटलं, दोघींच्या. तो म्हणाला, असं कसं? मी म्हटलं, असंच. आयुष्यभर लोकांची मापं घेऊन कपडे शिवले मी. तुझं माप घ्यायला मला तू समोर लागत नाहीस. भिंतीवर पेन्सिलीनं दोन रेघा मारून दिल्या. डावीकडे माझा उंच, उजवीकडे तुझा ठेंगणा, मध्ये पायरी. त्यानं पुष्कळ समजावलं. एकसंध दगड शोभेल, पायरीच्या सांध्यात पाणी मुरेल, बघणारे हसतील. म्हटलं, बघणाऱ्यांना स्वयंपाकघरात घेतंय कोण? शेवटी त्यानं बांधला, आणि छान बांधला. रेडिओ बंद ठेवून बांधला.

आणि तुझ्या ठेंगण्या ओट्याच्या बरोबर वर, डोक्याच्याही वर, मी एक फळी ठोकून घेतली. गवंडी म्हणाला, "ओटा एवढा ठेंगणा आणि फळी एवढी उंच? तिथला डबा काढणार कोण?" मी म्हटलं, तुम्ही ठोका.

सध्या मी एकटीच, त्यामुळे माझं सगळं डाव्या बाजूला होतं. उजवी बाजू कोरी करकरीत. गवंड्यानं एकदा तिथे चहाचा कप ठेवला तर मी अशी वस्सकन अंगावर गेले की तो बिचारा कप घेऊन अंगणातच गेला. मग मलाच वाईट वाटलं आणि मी त्याला बिस्किटं नेऊन दिली.

राहिलं परसदार. धुण्याचा दगड होता तिथली जमीन सारखी करून फरशी घातली आणि एक बाक बांधून घेतला. आपण दोघी संध्याकाळी पायरीवर अवघडून बसायचो, म्हटलं आता पाय सोडून बसू. आधी तो लिंबाखाली बांधला. मग वाटलं, लिंबाचे काटे लागतील. भिंतीकडे सरकवला. तिथे सकाळचं ऊन तोंडावर येतं. मग दाराजवळ. दाराजवळ बांधून पुरा वाळलाही नव्हता, तोवर मी म्हटलं, पुन्हा लिंबाखालीच बरा होता. त्या दिवशी मात्र गवंड्याचा पारा चढला. "ताई, बाक म्हणजे काय खुर्ची आहे का, उचलली आणि ठेवली? न्हाणीघर झालं, ओटा झाला, परसदार झालं. आता या घरात मोडायला काही उरलेलं नाही." मी हट्टाला पेटले. तेव्हा जरा नरमून म्हणाला, "धाकट्या ताई येणार आहेत ना? मग त्यांना बसवून बघू. त्या म्हणतील तिथे करू. मी काय पळून चाललोय?" तू येणार आहेस का, हे मलाच माहीत नव्हतं, आणि ते कळायची वेळच येऊ नये म्हणून तर मी बाक फिरवत होते. त्यानं घमेली धुतली, भिंतीशी पालथी घातली, आणि गेला.

तुझ्याशी फोनवर बोलताना मी कान देऊन ऐकत असते, ते तुला ठाऊक नसेल. तुझा खोकला कमी झालाय. तू मध्येच काहीतरी गुणगुणतेस. एकदा म्हणालीस, "काल आम्ही टेकडीपर्यंत चालून आलो." तू आणि टेकडी! इथे कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तर तुला धाप लागायची. आम्ही म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. पुढे तू सांगत होतीस की पोस्टमास्तर स्वयंपाक बरा करतात, मीठ मात्र विसरतात. तुझा आवाज इतका मोकळा मी फार वर्षांत ऐकला नव्हता. मी म्हटलं, इकडे फरशीवाला आलाय, ठेवते. फरशीवाला वगैरे कुणी आलं नव्हतं.

हेच सांगायला पत्र लिहितेय, ठेंगू. गवंडी घमेली पालथी घालून गेला, त्याला महिना होऊन गेला. घर महिन्याभरापूर्वीच पूर्ण झालंय. गेल्या रविवारी तू विचारलंस ना, "अजून ठोकतायत का गं? केवढा आवाज!" ती ठोकाठोक मी करत होते. एका हातात फोन, दुसऱ्या हातात बत्ता, आणि समोर उरलेल्या फरशीचा तुकडा. तू म्हणालीस, "बाई गं, किती दिवस सोसतेयस तू हे सगळं," आणि मी आणखी जोरात ठोकलं. फोन ठेवल्यावर त्या तुकड्यांकडे बघितलं आणि माझी मलाच लाज वाटली, मग हसू आलं, मग रडूही आलं. मला भीती वाटते गं. या घरात एकटीनं म्हातारं व्हायची नाही तेवढी, जेवढी तू माझी दया येऊन परत यायची. तशी येऊ नकोस. तुला जे बोलायचंय ते बोल, मी ऐकेन, आणि मध्ये उठून नळ बघायला जाणार नाही. धुळीचं कारण आता तुलाही राहिलं नाही आणि मलाही. एकटी आलीस तरी ये, दोघं आलात तरी या, दोन दिवस या नाहीतर कायमचे या, आणि नुसतं सांगून परत गेलात तरी तुझा ओटा मी मोडणार नाही. फळीही उंचच राहू देणार आहे. तिथला डबा काढायला मी आहे, किंवा ते आहेत. फक्त त्यांना सांगून ठेव, सिमेंटची पोती आता संपली. चढायला स्टूल लागेल, ते मी पुसून ठेवलंय.

तुझीच,
शिडी