पत्नीस घराबाहेरील ठरविल्याबाबत

प्रति,
मा. ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
दूरसंचार व मनोरंजन सेवा विभाग,
दुसरा मजला, खिडकी क्र. ४

विषय: ब्रॉडबँड व ओटीटी विकणाऱ्या कंपनीने ‘परिवार पॅक’मध्ये अर्जदाराच्या विवाहित पत्नीस घराबाहेरील व्यक्ती ठरविल्याबाबत.

संदर्भ: कंपनीची तीन उत्तरे. तिन्हींत ‘आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे’ यापलीकडे मजकूर नाही.

महोदया,

अर्जदार सव्वीस वर्षे चष्म्याच्या काचा घासण्याचे काम करतो. त्याची पत्नी परिचारिका असून चार वर्षांपूर्वी बढतीवर तिची नेमणूक रेल्वेने सहा तासांच्या अंतरावरील इस्पितळात झाली. मुलगी लग्न होऊन गेली. हे सर्व सांगण्याचे कारण पुढे येईल.

१. दर रविवारी दुपारी तीन वाजता उभयता एकच मालिका पाहत असत. अर्जदार घरी टीव्हीवर, पत्नी तिकडच्या खोलीत मोबाइलवर, आणि बोलण्यासाठी इकडे घरचा जुना फोन व तिकडे तिचा दुसरा फोन कानाशी चालू. तिकडचे इंटरनेट जलद असल्याने ती आधी हसे व अर्जदार आपली पाळी येण्याची वाट बघत बसे. आठवड्यातला उभयतांचा संसार तेवढाच.

२. गेल्या वर्षी सदर मालिका होती त्या ओटीटीवरून उठून दुसरीकडे गेली. तिथली वर्गणी भरल्यावर कळले की जुने भाग तिथे आणि नवे तिसरीकडे. मग अर्जदार योजनांची पत्रके पसरून बसला. एका योजनेत मालिका होती, पण टीव्हीवर दिसणार नव्हती. दुसरीत टीव्हीवर दिसणार होती, पण सोबत क्रिकेट, कार्टून आणि वजन उतरवण्याचे वर्ग गळ्यात मारले होते. घरचे ब्रॉडबँड ज्या कंपनीचे, तिच्या बंडलमध्ये सगळे ‘मोफत’, मात्र दीड वर्षाचा करार केल्यास. ही अट इतक्या बारीक अक्षरांत होती की दिवसभर भिंगे घासणाऱ्या माणसालाही ती भिंगाखाली धरावी लागली. असला व्यवहार बघून तेव्हाच शिसारी आली होती; तेव्हाच थांबायला हवे होते. परंतु त्याच ब्रॉडबँड कंपनीच्या दुकानातील विक्रेता म्हणाला, “काका, परिवार पॅक घ्या. काकू कुठेही असू देत, चौघे बघू शकतात.” अर्जदाराने सही केली.

३. सहा रविवार सुरळीत गेले. सातव्या रविवारी पत्नीच्या मोबाइलवर मजकूर उमटला, तो तिने फोनवर सावकाश वाचून दाखवला: ‘आपण या घराचा भाग नाही. स्वतंत्र खाते उघडा. पहिला महिना अर्ध्या दरात.’ अर्जदारास नकाराचा राग आला, पण किळस आली ती त्या अर्ध्या दराची. माणसाला घराबाहेर काढायचे आणि जाता जाता त्याच्या हातात सवलतीचे कूपन ठेवायचे, ही रीत कुठली?

४. अर्जदाराने विवाह नोंदणीचा दाखला कंपनीस पाठवला (प्रत सोबत जोडली आहे). फाइल फार मोठी आहे म्हणून तो परत आला. चौथ्या फोनला ग्राहक सेवेतील एक मुलगी बोलावयास मिळाली. पत्नीलाही त्याच फोनवर घेतले होते. मुलगी नरमाईने म्हणाली, “सर, मॅडमचा फोन वर्षभरात तुमच्या वायफायला फक्त एकोणीस दिवस जोडला गेलाय. आमच्या सिस्टीमप्रमाणे त्या पाहुण्या आहेत.”

त्यावर अर्जदार जे बोलला ते कार्यालयीन कागदावर लिहिण्याजोगे नाही. बराच वेळ तो बोलत होता. मग पत्नी म्हणाली, “अहो, ओरडू नका त्या मुलीवर. एकोणीसच असतील. मला आपलं वाटत होतं, महिनाभर तरी राहिले असेन.”

५. महोदया, त्या दिवशी चष्म्याच्या दुकानात अर्जदाराने दोन गिऱ्हाइकांच्या काचा बिघडवल्या. सव्वीस वर्षांत असे झाले नव्हते. कार्टून आणि वजन उतरवण्याचे वर्ग विकणाऱ्या कंपनीस त्याची पत्नी घरी किती दिवस असते हे ठाऊक होते, आणि नवऱ्याला नव्हते. तो रविवारच्या एका तासावर खूश होता. कंपनीची किळस अर्जदारास आजही आहे, परंतु खरे सांगायचे तर त्यातील काही वाटा त्याच्या स्वतःच्या पदरात पडतो.

६. पुढल्या महिन्यात पत्नी दोन दिवसांच्या रजेवर आली. तिने चपला काढल्या नाहीत तोच तिचा फोन वायफायला जोडला गेला व टीव्हीवर अक्षरे आली: ‘आपल्या घरी पाहुणे आले आहेत! त्यांच्यासाठी खास ऑफर.’ पत्नीने हातातली पिशवी तशीच ठेवून टीव्हीची पिन उपसली. दोन दिवस उभयता बोलत बसले. बदलीचा अर्ज दोनदा फेटाळला गेल्याचे तिने तेव्हा सांगितले. ‘तुम्हाला उगाच घोर नको’ म्हणून इतके दिवस ती गप्प होती. मालिकेत पुढे काय झाले, हे दोघांनाही माहीत नाही.

सबब विनंती की, सदर करार कोणत्याही दंडाविना रद्द व्हावा. भरलेली वर्गणी परत नको. मात्र ‘घर’ व ‘परिवार’ हे शब्द विक्रीकामी वापरण्यास कंपनीस मनाई करण्यात यावी. त्यांऐवजी कंपनीने ‘वायफाय’ म्हणावे. अर्जदाराची हरकत नाही.

सुनावणीची नोटीस अर्जदाराच्या जुन्या पत्त्यावर पाठवू नये. येत्या एक तारखेपासून तो पत्नीच्या इस्पितळासमोरील चष्म्याच्या दुकानात कामास लागत आहे. पगार कमी आहे, यंत्र जुने आहे. नोटीस परिचारिका वसाहत, खोली क्र. ११ येथे पाठवावी. दार बहुधा पत्नीच उघडेल. तिच्या हाती दिली तरी चालेल.

आपल्या न्यायाची वाट पाहणारा,
(सही)
अर्जदार, काचा घासणारा
दिनांक: २३, महिना चालू