घुशीचं दार

आई, काल अविधवा नवमीला तुझं पान वाढलं. वाटाण्याची आमटी केली होती, तुला आवडायची तशी जरा तिखट. जेवताना दादांनी दरवर्षीचाच प्रश्न विचारला, "तू तिला सांगितलं व्हतंस ना रं, दार उघडं हाय म्हणून?" दहा वर्षं झाली, अजून विचारतात. मग स्वतःच म्हणतात, "लई हट्टी बायकू माझी. पोराचं ऐकलं असतं तर आज आसती." ते काही खरं नाही, आणि ते आपल्या दोघांनाच माहीत आहे, म्हणून तुला लिहायला बसलो.

बाजरी काढून झाली की तू मला घेऊन रानात जायचीस. आपल्या आण्याच्या पठारावर कणसं निघतात थोडी, आणि त्यातली घुशी किती बिळात ओढून नेतात ते तुलाच ठाऊक. कोठी कुठं असेल ते तू वरच्या मातीवरून ओळखायचीस. खुरप्यानं बाजूनं खणायचं, हात घालायचा आणि कणसं बाहेर काढायची, एकाच मापाची तोडलेली, कुणी हातानं रचल्यासारखी. पण सगळी कधीच काढू दिली नाहीस. दोन मुठी परत आत. "तिच्या बी घरात ल्येकरं हायेत," म्हणायचीस. शाळेच्या पुस्तकात जमिनीखाली राहणाऱ्या एका परदेशी जनावराचं चित्र होतं, मऊ अंगाचं, डोळे असून नसल्यासारखे, पुढचे पंजे फावड्यासारखे. ते तुला दाखवलं तर तू पदर तोंडाला लावून हसलीस. "ही आपल्या घुशीची मावशी दिसती. लगीन करून लांब दिली आसंल."

दाराचा नियम तूच शिकवलास. घूस आत असली की ओल्या मातीनं आतून दार लावून घेते. "दार लावलंय म्हंजी घरधनीण घरात. उघडं आसंल तर हात घालायचा न्हाई, कोण पावणा येऊन राह्यलाय काय ठावं." म्हणून आदल्या दिवशी बिळं हेरायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा प्रत्येक दार बघायचं. लावलेलं असेल तिथं कोठीवर बाजरीचं धाट रोवायचं. तू फक्त धाट असेल तिथंच खणायचीस. नववी नापास होऊन मी घरी बसलो त्या वर्षी हे काम तू माझ्याकडे दिलंस. दादांना म्हणालीस, "त्याच्यासारखं बारीक कुणी बघत न्हाई."

बिळं हेरली त्या दिवशी मी वहीत सगळ्या रानाचा नकाशा काढला. बांध, बाभळ, चौदा बिळं, प्रत्येकाचं दार उघडं की लावलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर नकाशावर एका ठिकाणी खाडाखोड दिसली. ती मला बघवेना. मी पट्टी घेऊन पुन्हा स्वच्छ प्रत काढत बसलो, आणि उशीर झाला तशी धाटं घेऊन रानात पळालो. अकरा दारं बघितली. बांधाकडची तीन राहिली. तू लांबून येताना दिसलीस, तेव्हा वहीतली आदल्या दिवशीची नोंद बघून तिथंही धाटं रोवली.

तू शेवटच्या धाटापाशी बसलीस. खुरपं हातात धरून विचारलंस, "दार बघितलंस ना?"

"बघितलं," मी म्हणालो.

दार बाभळीच्या मुळाआड होतं, तू बसलीस तिथून दिसत नव्हतं. तू बाजूनं खणून कोपरापर्यंत हात घातलास. मग हात बाहेर काढून बघत राहिलीस. मनगटाजवळ दोन ठिपके. मी वाकून मुळाआड पाहिलं. दार उघडं होतं.

जीप घाट उतरते आहे. तुझं डोकं माझ्या मांडीवर. दादा पुढं ड्रायव्हरला घाई करतायत, मागं वळून वळून विचारतायत, "आगं, धाट बघून हात घातला ना?" तुझी जीभ जड झालेली. तरी तू प्रत्येक शब्द नीट लावून बोललीस, "पोरानं सांगितलं व्हतं, आये, ह्याचं दार उघडं हाय म्हणून. मीच न्हाई ऐकलं." मग माझ्याकडे बघितलंस. जुन्नर यायच्या आधीच तू गेलीस.

आता मी मंचरला बी-बियाणांच्या दुकानात असतो. कुणी घुशींवर औषध मागायला आलं की आधी विचारतो, बिळं बघितली का, कधी बघितली, आज सकाळी का काल. लोक वैतागतात. "राव, औषध द्या, परीक्षा घेऊ नका." मालक हसून सांगतो, हा लई बारीक माणूस. तेव्हा मी आत जाऊन पोती लावत बसतो. घराला कुलूप लावलं तरी चार वेळा परत येऊन ओढून बघतो.

दादा थकलेत, आई. डोळ्यांनी कमी दिसतं. तुला हट्टी म्हणता म्हणता त्यांचा आवाज बसतो, आणि तू कधीच हट्टी नव्हतीस. तुझ्यावरचा तो शब्द मी एका वाक्यात काढू शकतो. काल ठरवूनच आलो होतो. वहीतलं ते पानही खिशात आणलं होतं, स्वच्छ काढलेलं, बांधाकडची तिन्ही दारं लावलेली. दादांनी विचारलं, घास हातात धरून थांबले.

मी पुन्हा "हो" म्हणालो.