धरणाखालचा झरा

४ मार्च
धरणाच्या पायथ्याशी, केळीच्या खुंटांमध्ये, पाणी. झिरपतंय. स्वच्छ आहे — म्हणजे आतली माती अजून तरी सोबत येत नाहीये.

तळं पहिल्यांदाच भरतंय. आमच्या मुख्य इंजिनिअरांना, काचाले साहेबांना सांगितलं. "नव्या मातीच्या धरणाला घाम येतोच, थोकोझिरे. तू किती धरणं पाहिलीस?" हे पहिलंच.

७ मार्च
खालच्या वस्तीतल्या बायकांनी तिथे खड्डा खणून दगड लावलेत. नवा झरा! कपडे धुतात, भांडी घासतात. नाफिरी मावशी म्हणाली, "तुमच्या धरणानं एक तरी भलं केलं बघ. आता बोअरिंगवर नंबर लावायला नको की भांडायला नको." भाजलेलं कणीस हातात ठेवलं. तसंच पिशवीत टाकलं.

८ मार्च
धार जाड झालीय. साहेबांना विचारलंच — धरणाच्या पोटातला, झिरपत्या पाण्यातली माती अडवणारा वाळूचा थर वरपर्यंत घातला होता ना? ते चहा ढवळत बसले. मग म्हणाले, "पाऊस लवकर आला, वरचा राहिला. आणि शनिवारी मंत्री येतायत, तळं भरलेलं दिसलं पाहिजे." मी उठले तेव्हा, अगदी शांतपणे: "वस्तीत एक शब्द काढलास तर या देशात तुला कुणी साधी मोरीसुद्धा बांधायला देणार नाही."

मला सगळं यांनीच शिकवलंय. आज त्यांचीच भीती वाटली.

११ मार्च
धार तशीच. स्वच्छ.

१२ मार्च
राहवलं नाही. मावशीला बाजूला घेऊन सांगितलं: पाणी चहात दूध घातल्यासारखं दिसलं, तर भांडीकुंडी टाकायची आणि सगळ्यांना घेऊन टेकडीवरच्या शाळेत पळायचं. ती हसली. "एवढी शिकलीस आणि पाण्याला भितेस होय गं?" मग माझा चेहरा पाहिला. "साहेबाला माहीत आहे?" हो म्हटलं. "मग पाणी सोडून का देत नाही तुम्ही?"

आता ही कुणाला बोलली तर मी संपले. दिवसभर हेच डोक्यात — आधी नोकरी, मग वस्ती. असंच, याच क्रमानं. लाज वाटते.

१४ मार्च, शनिवार, सकाळी
तळ्याचं पाणी सोडायच्या व्हॉल्व्हची किल्ली माझ्याकडेच असते. जाऊन चाकावर हात ठेवला. निदान तळं उतरायला तरी लागलं असतं. तेवढ्यात रस्त्यावर मोटारी दिसल्या. हात काढून घेतला. आजचा दिवस जाऊ दे, उद्या नक्की उघडते.

१५ मार्च
काल दुपारी धरण फुटलं. वस्ती राहिली नाही. माणसं आहेत, सगळी, शेळ्या-कोंबड्यांसकट, शाळेत. मावशीनं घराघरांत शिरून ओढून आणलं त्यांना. मला पाहून म्हणाली, "चहात दूध पडलं गं, पोरी. किती हाका मारल्या तुला. कुठे होतीस?"

मंत्र्यांच्या मांडवात होते. साहेबांच्या शेजारी, टाळ्या वाजवत.