डावीकडे जाणारा बाण

२ ऑक्टोबर १९६१

डावीकडे! पुन्हा डावीकडे! बाबांचंच धनुष्य, बाबांचेच बाण, समोर कडब्याने भरलेलं एवढं मोठं पोतं — आणि बाण वांग्यांच्या वाफ्यात.

दसऱ्याला उंद्रीत रावणाला पेटता बाण मारायचा मान आमच्या घराचा. बाबा फाल्गुनात गेले, म्हणजे यंदा मी. बाबांचा बाण कधी चुकला नाही. तो सुटला की रावण भडकलाच! सगळं गाव बघणार. चुकलो तर या शाल्याने तोंड कुठे लपवायचं?

माय म्हणाली, "दसऱ्याले लागते ना बरोबर. कायले जीव घेऊन राह्यला वांग्यायचा?"

४ ऑक्टोबर

बाण उजेडात धरून तपासले. तीन पिसांतलं एक पीस चक्क उलटं! प्रत्येक बाणाला. शेवटी शेवटी बाबांची नजर गेली असावी. कधी बोलले नाहीत. फार वाईट वाटलं. उलटी पिसं सोलली, बाभळीच्या डिंकाने सुलटी लावली, बाण वाळत ठेवले.

त्यातला एक आशाच्या पदराला चिकटला. बायकोबाई तशाच विहिरीवर जाऊन आल्या, बाण मिरवत. सगळ्या बायका हसल्या म्हणे. माझ्याशी बोलणं बंद आहे.

५ ऑक्टोबर

आधी शेपूट हलवत डावीकडे जायचा. आता न हलवता जातो.

७ ऑक्टोबर

दोरी ढिली असेल म्हणून अंबाडीची नवी वळली. चांगली पीळदार. बाण खूप लांब गेला — डावीकडेच! शेजारच्या पंजाबरावांच्या गोठ्यात. म्हशीने संध्याकाळी दूध दिलं नाही. पंजाबराव कुंपणावरून ओरडले, "काऊन बे शाल्या, रावण माह्या गोठ्यात उभा हाय काय?"

आशा बोलायला लागली. म्हणजे हसायला लागली.

९ ऑक्टोबर

सापडलं! सापडलं!! दोष माझा नाही, दोरीचा नाही. बाण जाड आहे!

बाण सुटतो तो धनुष्याच्या काठीला घासून. जाड बाण लवत नाही, काठी त्याला बाहेर ढकलते. बारीक असला तर जरासा लवतो, काठीला वळसा घालतो आणि परत आपल्या रस्त्याला लागतो. दिवसभर बाण तासत बसलो. संध्याकाळी मारला — पोत्यात! मधोमध! आनंदाच्या भरात आशाला उचललं. माय दारातच उभी होती. फजिती!

तिला म्हटलं, "माय, सरळ जाते आता!" तर खूश व्हायचं सोडून म्हणते कशी, "येवढा सरळ कायले पायजे तुले?"

कौतुक म्हणून करणार नाही माझं.

१२ ऑक्टोबर

टोकाला घासलेटची चिंधी बांधली की बाणाचं नाक खाली जातं. कडब्याच्या गंजीजवळ पेटवायची सोय नाही, म्हणून ओली चिंधी बांधून सराव. जरा वर धरायचं. जमलं.

१५ ऑक्टोबर

दयारामकाका आले होते. बाबांचे जिवाभावाचे दोस्त. रावण दरवर्षी तेच बांधतात, बांबूच्या कामट्या आणि कागदाचा.

"सरळ जाऊन राह्यला म्हनतेत," काका म्हणाले. "किती सरळ?"

पोत्यात लागोपाठ मारून दाखवले. काकांना घाम फुटला.

"अन् रावनाले कुठं मारशीन?"

"बेंबीत!"

"शाल्या, तुले एक गोष्ट सांगाची होती —"

मी बोलूच दिलं नाही. म्हटलं, "काका, बाबाचं नाव राखतो का नाही ते बघाच तुम्ही." काकांचे डोळे भरून आले. अर्धा चहा तसाच ठेवून गेले. मायेची माणसं!

१९ ऑक्टोबर, दसरा

लागला. बेंबीत. बरोबर बेंबीत!

आणि रावण ओरडला, "मेलो बे!"

रावणाच्या मागून दयारामकाका निघाले. एका हातात काडेपेटी, दुसऱ्या हातात धुमसणारा धोतराचा सोगा. पुढे काका, मागे घागर घेऊन सगळं गाव. रावण जळाला की नाही, कुणी पाहिलंसुद्धा नाही. काकांची मांडी काळीनिळी झाली, थोडी भाजली. बाकी बरे आहेत. भिजलेल्या धोतरात बसून माझ्यावर ओरडले, "तुह्या बापानं येवढ्या वर्सात एकदा तरी मले लागू देला काय बे?"

म्हातारी मंडळी खाली बघत होती. माझ्याशिवाय कुणालाच नवल वाटलेलं दिसलं नाही.

२० ऑक्टोबर

मायने सांगितलं. फार वर्षांपूर्वी एकदा बाबांच्या बाणाची चिंधी वाटेतच विझली. रावण उभाच राहिला. अपशकुन म्हणून गावाने नको नको ते ऐकवलं. तेव्हापासून रावणामागे काडी घेऊन काका बसायचे, आणि बाबांचा बाण डावीकडे, नाल्यात.

सगळे रावणाकडे बघतात. बाणाकडे कोण बघतो? बाबांना खेटून उभा राहून सगळ्यांच्या आधी मीच ओरडायचो, "लागला!"

म्हणजे बाबांना नेम धरताच येत नव्हता. जेवलो नाही. राग आला आहे. कुणाचा, ते कळत नाही.

२२ ऑक्टोबर

काकांची मांडी बघायला गेलो. राग तिथेच बाहेर पडला — "बाबाले मारताच येत नव्हतं ना?"

काका हसले. "येडा हायेस काय? उडती चिमनी पाडे तो. मी मागं बसाले लागलो, तवापासून जाड बान करे. एक पीस उलटं लावे. म्हने, दयाराम, माह्या हाताचा भरवसा नाही, चुकून सरळ मारीन."

घरी येऊन नवे जाड बाण केले आणि सगळ्यांचं एकेक पीस उलटं लावलं.