त्र्यंबकचा बिअर-फ्रीझर

१० जून २००६, चँडलर, ॲरिझोना

त्र्यंबकने फ्रीझर आणला. आडवा, वरून झाकण उघडणारा, आइस्क्रीमच्या दुकानात असतो तसला. मला वाटलं मटार-बिटार साठवायला असेल. तर म्हणे, "यात बिअरचं पिंप ठेवायचं, बाहेर तोट्या काढायच्या. ग्लास धरला की थंड बिअर." ग्लेनला अशा गोष्टींचा फार शौक आहे. ग्लेन म्हणजे त्याचा मॅनेजर. ग्रीन कार्डाचं सगळं त्याच्या मर्जीवर. जुलैत टीमला घरी बोलवायचंय, त्याआधी हे तयार हवं.

भारतातून थोड्या दिवसांसाठी आलेल्या सासूबाईंनी विचारलं, "एवढं मोठं कशाला रे?"

"थंड पाण्याला, आई."

माझ्याकडे बघायचं त्याने टाळलं.

१३ जून

गाडी एकच, ती त्र्यंबक नेतो. आज हट्टाने लायब्ररीपर्यंत चालत निघाले. अर्ध्या वाटेत उन्हाने डोकं गरगरायला लागलं, परत आले. आई खिडकीशी बसलेल्या. म्हणाल्या, "दिवसभर एक माणूस दिसलं नाही गं रस्त्यावर."

१७ जून

शनिवार. त्र्यंबक ड्रिल घेऊन फ्रीझरच्या भिंतीला भोक पाडायला बसला. मी ओरडलेच — थांब! भिंतीच्या आत गॅसच्या नळ्या असतात. एक फुटली की फ्रीझर भंगारात. झाकण सोडवायचं, मधे लाकडाची चौकट बसवायची आणि तोट्या त्या लाकडातून काढायच्या.

"तुला कसं माहीत?" म्हणाला. मग स्वतःच ओशाळला. लग्नाआधी पिंपरीत मी हेच करत होते — कूलिंग युनिटचं टेस्टिंग. विसरला होता. खरं म्हणजे मीही विसरत चाललेय.

तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. तो आत गेला, ड्रिल माझ्याकडे राहिलं.

२१ जून

चौकट झाली. एक कोपरा किंचित उघडा राहिला होता, तासून पुन्हा बसवला. थर्मोस्टॅटही जोडला. फ्रीझर नुसता चालू ठेवला तर बिअरचा बर्फ होईल, म्हणून आत थंडी झाली की हा त्याची वीज तोडतो. दुपारी जेवायचं राहिलं. आईंनी ताट गॅरेजमध्ये आणून दिलं.

२२ जून

गॅरेज भट्टीसारखं तापतं, कॉम्प्रेसरला उसंतच नाही. त्र्यंबकला सांगितलं, फ्रीझर घरात घ्यायचा. कुरकुरला, पण शेजाऱ्याला बोलावून आत घेतला.

२८ जून

पिंपातली बिअर तोटीकडे ढकलायला जोडलेला कार्बन डायऑक्साइड गॅस कुठून तरी गळतोय. सिलिंडरचा काटा सकाळपर्यंत खाली. मी साबणाचं पाणी केलं. आई म्हणाल्या, "घरी नवा सिलिंडर लावल्यावर बघतो, तसंच ना?" आणि टॉर्च घेऊन खाली बसल्या. एका नटाशी बुडबुडे आले. पाना फिरवला, बंद.

उठता उठता म्हणाल्या, "हे पाण्याचं नाही, मालिनी."

"नाही, आई."

"तुझ्या सासऱ्यांनाही आवडायची. मला कळत नाही असं त्यांना वाटायचं." हसल्या. मग जरा वेळाने, "मी शाळेत शिकवायचे, माहितीये ना? यांची बदली झाली म्हणून सोडलं. परत आल्यावर घेऊ, शाळावाले म्हणाले होते."

घेतलं नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

३ जुलै

पहिला ग्लास नुसता फेस. नळी आखूड होती. लांब घातली, दाब कमी केला. आता बरोबर.

काम संपलं.

५ जुलै

काही नाही.

८ जुलै

काही नाही. त्र्यंबकला विचारलं, ग्रीन कार्डाला अजून किती? "वकील म्हणतो पाच वर्षं. सातही लागतील." तोवर त्याच्या व्हिसावर आलेली बायको म्हणून मला नोकरी करता येणार नाही आणि त्याला त्याची सोडता येणार नाही. तोही रात्री कूस बदलत असतो. मला माहीत आहे.

१६ जुलै

काल पार्टी झाली. सगळे फ्रीझरभोवती. ग्लेनने विचारलं, कोणी केलं? त्र्यंबक म्हणाला, "मी. दोन वीकेंड गेले." मी समोसे फिरवत होते. राग आला असं नाही. काहीच आलं नाही.

मग ग्लेन म्हणाला, फेस कसा घालवलास, माझ्याकडे नुसता फेस येतो. त्र्यंबकने माझ्याकडे पाहिलं. मी ट्रे ठेवला आणि सांगितलं — नळी किती लांब, दाब किती, का. ग्लेन खाली वाकून बघत राहिला. म्हणाला, "तू कुठे काम करतेस?"

म्हटलं, "मला काम करायची परवानगी नाही."

"परवानगी? कोणाची?"

आणि सगळे त्र्यंबककडे बघायला लागले. त्याचा चेहरा एवढासा झाला. घाईघाईने व्हिसाचं समजावून सांगितलं. ग्लेन "ओह" म्हणाला आणि ग्लास भरून घेतला. त्याला ठाऊकच नव्हतं. त्याच्याच हाताखालची निम्मी माणसं या व्हिसावर.

पाहुणे गेल्यावर त्र्यंबक म्हणाला, "तसं बोलायची काय गरज होती? त्यांना वाटलं असेल, मी तुला डांबून ठेवलंय."

"तू नाही ठेवलंस. पण मी डांबलेलीच आहे."

आई भांडी पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

२२ जुलै

त्र्यंबकने आज आपणहून ग्लेनच्या घरी फोन केला. त्याला म्हणाला, फ्रीझर मालिनीने बनवला, मी खोटं बोललो. मला ऐकू येईल अशा जागी उभा राहून बोलला. नंतर चहा केला तिघांना.

बरं वाटलं. पण सोमवारी तो ऑफिसला जाईल आणि मी पुन्हा याच खिडकीशी.

२७ जुलै

पिंपरीला माझ्या जुन्या साहेबांना फोन लावला. जागा आहे, ये म्हणाले. आई शेजारी बसून होत्या.

२ ऑगस्ट

त्र्यंबक आईंच्या परतीची तारीख पक्की करत होता. मी म्हटलं, "त्याच फ्लाइटचं माझंही काढ."

स्क्रीनकडे बघतच त्याने विचारलं, "राउंड ट्रिप?"

"नाही. जाण्याचंच."

त्याने काढलं.