ऊसमळ्यातली मालवणी

विलेपार्ले (पूर्व)

तीर्थस्वरूप शालकश्रेष्ठ जयवंतराव यांच्या चरणी प्रभंजनाचे दंडवत.

आपल्या गुडघ्याने जिना चढण्यास अनुमती दिली असेल, अशी आशा आहे. (माझी प्रकृती विचाराल, तर रोज वरणभात, तोही स्वहस्ते, यावरून अनुमान करावे.) आपली भगिनी सौ. रत्नप्रभा रविवारी आपल्या कांदिवलीच्या घरी अकस्मात अवतीर्ण झाली. तिने कारण सांगितले असो वा नसो, माझी बाजू नोंदवणे अगत्याचे आहे.

सध्या मी वेस्ट इंडीजमधल्या ऊसमळ्यावरील एका जुन्या इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करीत आहे. तीत गोरा मालक व्याकरणशुद्ध बोलतो. आफ्रिकेतून ओढून आणलेले गुलाम तिथल्या मिश्र बोलीत, क्रिओलमध्ये बोलतात. लेखकमहाशय स्वतः मळेवाले. आरामखुर्चीत बसून त्यांनी ती बोली टिपली आणि सुसंस्कृत वाचकांच्या करमणुकीसाठी तळटीपा जोडल्या. त्यांतला एक शब्द ‘डपी’, म्हणजे मृताचा भटकता आत्मा. मी ‘पिशाच’ लिहिले, तर ते पाठशाळेतून निवृत्त झालेले शास्त्रीबुवा वाटू लागले. इतक्यात रत्नप्रभा आपल्याशी फोनवर देवचाराविषयी, म्हणजे तुमच्या गावच्या राखणदार भुताविषयी, बोलताना कानी आली आणि मला साक्षात्कार झाला: गुलामांना मालवणी द्यावी! तेव्हापासून मीही आरामखुर्चीत बसून तिचे बोलणे टिपू लागलो. (विद्याव्यासंगात संकोच वर्ज्य.)

रविवारी आपली धाकटी भगिनी नंदा जेवायला आली होती. सोलकढीनंतर मी तिसरे प्रकरण साभिनय वाचले. नंदा हसत होती. मी ते कौतुक मानले.

“भावोजी, मार खाणाऱ्यांक आमची भाषा आणि चाबकवाल्याक तुमची? झकास!”

हा भाषाशास्त्रीय संकेत आहे, असे मी समजावीत होतो. रत्नप्रभा मात्र एका वाक्यापाशी थांबली होती. त्यात वृद्ध गुलाम स्त्री नातवाला सांगते, ‘तिन्हीसांजेक कोणी हाक मारली तर ओ देव नको.’

“ह्यां तर माझ्या आवशीचां बोलणां,” ती म्हणाली. “खाली तळटीपेत काय लिवलास?”

मी तत्परतेने वाचून दाखवले: ‘अज्ञजनांचा भाबडा समज.’

नंदाचे हसणे थांबले. रत्नप्रभेने पिशवी भरली.

आता मी योजना उलटी करून पाहिली. परंतु माझ्या भाषेत गुलामाने दयेची याचना केली की ती महापालिकेची सूचना वाटते. आणि मालकाला मालवणी दिली, तर तो कोणालाही जेवल्याशिवाय सोडत नाही. कथानक जागीच खुंटले. ती तळटीप तेवढी मी खोडली आहे, हे तिला कळवावे. गृहव्यवस्था तिच्यावाचूनही सुरळीत चालली आहे, हेही कळवावे.

आपला नम्र,
प्रभंजन

ता. क. गृहव्यवस्थेविषयीचे वाक्य कृपया कळवू नये.

पुनश्च ता. क. अकराव्या प्रकरणात मळ्यावरची स्वयंपाकीण मालकाला तोंडावर सुनावून निघून जाते. रत्नप्रभा उंबऱ्यावरून जे बोलली, ते तिथे चपखल बसेल. मला ते टिपता आले नाही (दोन्ही हात तिची पिशवी अडवण्यात गुंतले होते). या वेळी रीतसर विचारतो आहे. लिहून द्यायचे नसेल, तर तिने स्वतः येऊन पुन्हा ऐकवावे. प्रकाशक थांबायला तयार आहे, मी नाही.