कंस उघडा राहिला

स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू प्रथम नोंदवतो, म्हणजे वाटणी कशाची आहे ते कळेल: कामाचे लाकडी टेबल, एक, रेडिओ आठ, पैकी सहा चालू, माळ्यावर चढणारा लोखंडी जिना, आणि एक कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला समजेल अशा रूपात उतरवून देणारा प्रोग्रॅम. तो आणि त्याची भाषा मी कॉलेजची पायरी न चढता, उसन्या पुस्तकांवर उभी केली. कोणीही तो फुकट घ्यावा, उघडून पाहावा, सुधारून परत पाठवावा, अशी सोय पहिल्यापासून आहे.

मी, खाली सही करणारा, वय त्रेपन्न, धंदा रेडिओदुरुस्ती व प्रोग्रॅमिंग, पुढच्या आठवड्यात हृदयाचे ऑपरेशन असल्यामुळे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहीत आहे. माझ्यावर दडपण आणण्याचा नाद लोकांनी केव्हाच सोडला.

कलम १. घरातला माझा अर्धा हिस्सा वहिनीला, म्हणजे माझ्या दिवंगत थोरल्या भावाच्या पत्नीला. उरलेला अर्धा तिचाच आहे.

कलम २. हत्यारे विकून येतील ते पैसे वहिनीला. शेजारचा शिंपी साक्षीदार असल्यामुळे कायद्याने त्याला काही देता येत नाही. त्याने नेऊन परत न आणलेला पेचकस मी विसरलो आहे असे समजावे.

कलम ३. कंपायलरमध्ये कोणाचा बदल घ्यायचा आणि कोणाचा नाही, हे ठरवण्याचा अधिकार 'घुबड' या टोपणनावाने काम करणाऱ्या सहकाऱ्याला. आम्ही कधी भेटलेलो नाही. ओळीच्या शेवटी अर्धविराम हवा की नको यावर आमचे नऊ वर्षे भांडण आहे. माझ्यापुढे मान न डोलावणारा तो एकटाच, म्हणून त्याला.

कलम ४. प्रोग्रॅममध्ये चूक सापडली की कंपायलर संदेश देतो. माझे पहिले संदेश असे होते: 'कंस बंद केला नाहीत.' 'असे नाव नाही. नीट वाचा.' वहिनी वीजबिलांच्या तक्रार खिडकीवर काम करते. एकदा इस्त्री करता करता तिची नजर पडद्यावर गेली.

"भाऊजी, हे यंत्र आहे की सासूबाई?"

"चूक ती चूक, वहिनी."

"चूक आहेच हो. पण माणूस आधीच वैतागून आलेला असतो. 'तुम्ही केलं नाहीत' म्हटलं की तो भांडायला उठतो. 'राहून गेलंय' म्हटलं की कुठे राहिलंय ते बघतो."

मग संदेश झाला: 'कंस उघडा राहिला आहे. तो बहुधा सातव्या ओळीत सुरू झाला.' असे चारशे अकरा संदेश तिने सांगितले आणि मी टाइप केले. लोक हा कंपायलर वापरतात ते या संदेशांमुळे. वेगाने तो बेताचाच आहे. हे वाक्य लिहायला मला चहा घ्यावा लागला.

कंपायलरमधल्या प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि तिच्यापुढे तो करणाऱ्याचे नाव लागते. चारशे अकराही ठिकाणी माझे लागले आहे. या जागी मी आधी 'वहिनीचे नाव राहून गेले' असे लिहिले होते. ते खोडले असून खाडाखोडीवर सही केली आहे. नाव राहून गेले नाही. मी घातले नाही. कंपायलर वापरणाऱ्यांच्या भर सभेत एकाने विचारले, "इतकं मायेनं कोण लिहितं?" तेव्हा मी नुसता हसलो.

माझ्या मृत्यूनंतर घुबडाने त्या सर्व नोंदींवर वहिनीचे पूर्ण नाव घालावे. नोंदीची ओळखखूण आधीच्या नोंदींवरून बनते, म्हणून तसे केल्याने पुढच्या प्रत्येक नोंदीची ओळखखूण बदलेल, लोकांकडच्या प्रती जुळेनाशा होतील आणि ते शिव्या देतील. देऊ द्यावात. जुन्या नोंदीला हात लावायचा नाही, हा नियम माझाच. नियम चांगला होता, आणि माझ्या सोयीचाही.

ठिकाण: माळ्यावरची खोली.
दिनांक: सहीखाली घातल्याप्रमाणे.
सही.
साक्षीदार: १. शेजारचा शिंपी. २. दातांचे डॉक्टर. मी शुद्धीत असल्याचा दाखला यांचाच; हिरड्यांपलीकडे तो कितपत चालतो हे त्यांनाही ठाऊक नाही.

पुरवणी, दोघेही साक्षीदार समोर बसलेले असताना.

सही करून शिंपी म्हणाला, "म्हणजे वहिनींना हे कळणार तू सुटल्यावर. बरं आहे की तुझं."

डॉक्टर चष्मा पुसत राहिले.

सबब कलम ४ मधील 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द रद्द. घुबडाला आत्ताच कळवले. त्याचे उत्तर आले: "आज रात्री करतो. अर्धविरामाचं काय?"

वहिनी साडेपाचला घरी येते. हा सगळा मजकूर मी तिला स्वतः वाचून दाखवीन, आणि जे या दोघांनाही ठाऊक नाही ते पुढचेही.

तीन वर्षांपूर्वी एका कंपनीचे पत्र आले. त्यांना कंपायलर नको होता, मीही नको होतो. हे संदेश ज्या व्यक्तीने लिहिले तिला त्यांनी कायमची नोकरी देऊ केली होती: घरी बसून काम, खिडकी नाही, रांग नाही. ते मीच लिहितो आणि मला नोकरी नको, असे मी त्याच संध्याकाळी कळवले. वहिनी तेव्हा खाली पाय गरम पाण्यात घालून बसली होती. तिला विचारले नाही. तिचा खिडकीवरचा पगार महिना अठ्ठावीस हजार. त्यांनी देऊ केलेला, महिना एक लाख दहा हजार.